हळदीच्या डब्यावर बोडोनी

जाऊबाई आणि मी सांगलीत राजापुरी हळद दळून, डबे भरून विकतो. यंदा डब्यावरचं अक्षर 'सराफाच्या जाहिरातीतल्यासारखं' हवं, असा त्यांचा हट्ट होता. म्हणजे उभा दांडा जाडजूड आणि आडवी रेघ केसाएवढी. हा घाट अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या दिदो या मुद्रक घराण्यानं आणि इटलीतल्या पार्माच्या बोडोनी या मुद्रकानं घडवला. त्यांच्या आधी बर्मिंगहॅमचा मुद्रक बास्करव्हिल गुळगुळीत कागद आणि दाट काळ्या शाईच्या मागे लागला होता. ती वाट झाली म्हणून इतकी बारीक रेघ छापता आली. 'व्होग' या फॅशन मासिकाचं नावही याच कुळातलं.

इंग्रजी नावासाठी 'बोडोनी मोदा' हा फॉन्ट घेतला. फुकट आहे आणि त्यात ६ ते ९६ पॉइंटांपर्यंत (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप) आकारानुसार रेघांची जाडी बदलते. लहान अक्षरांत बारीक रेघ आपोआप थोडी भरते. मोठं अक्षर नुसतं ओढून लहान केलं तर हे मिळत नाही.

खरी कसोटी मराठीची. बोरूच्या तिरक्या कापामुळे देवनागरीत जाड-बारीकपणाच्या जागाच वेगळ्या असतात. रोमनची आडवी रेघ तासतात तशी शिरोरेघ तासली तर अख्खा शब्द सुटा पडेल. आम्ही 'रोझा वन' हा देवनागरी फॉन्ट निवडला. २०१४ चा, पोस्टर आणि मथळ्यांसाठीच केलेला. तो इतका काळाभोर दिसतो की शेजारचा बोडोनी सर्वांत जाड वजनात घ्यावा लागला.

मग प्रेस. जाऊबाईंना गडद मरून रंगावर पांढरी अक्षरं हवी होती. प्रेसवाले काका भिंगातून बघत म्हणाले, "वहिनी, ही रेघ प्लेटवर येईल, कार्डावर राहायची नाही. चार रंगांत मरून केला आणि रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, जरा हललं की संपलं." उपाय त्यांनीच सुचवला: मरून हा एकच स्पेशल कलर, आधीच मिसळलेली शाई, म्हणजे रजिस्टरचा प्रश्नच नाही. शिवाय शाई आत सरकते म्हणून अक्षरांना पाव पॉइंटाची पांढरी आउटलाइन. खर्च थोडा वाढला, पण मला पटलं. क्राफ्ट कार्ड शाई पितं, म्हणून ते बाद करून ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) गुळगुळीत आर्ट कार्ड घेतलं.

वजन, घटक, पत्ता हेही त्याच अक्षरात हवं, असं जाऊबाई म्हणाल्या, पण तिथे मात्र मी नाही म्हणून अडून बसले. दुकानात चष्मा न लावता वाचायचा मजकूर तो. तिथे 'मुक्त' टाकला, साधा आणि सरळ.

प्रूफ बघून जाऊबाई खूश. आता पन्नास ग्रॅमच्या पाउचवरही हेच छापू म्हणतात. पाउचची छपाई फ्लेक्सोवर, रबरासारख्या मऊ प्लेटनं होते. दाबाखाली बारीक रेघ जाड होते आणि रिव्हर्समध्ये, म्हणजे गडदावर पांढऱ्या अक्षरांत, तर बुजतेच. तिथे नाव काळ्या शाईत, पिवळ्यावर आणि बोडोनीशिवाय छापायचं, एवढं मी ठरवून टाकलंय. त्यांना सांगायचं अजून राहिलंय.