आधी मुद्दा, मग माणूस
24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. आपली श्रद्धा जगापुढे मांडायची की मनातच ठेवायची, हे ठरवण्याचे स्वातंत्र्यही त्या निकालात अधोरेखित झाले. व्हॉट्सॲपच्या गटात मात्र अनोळखी सदस्यांपुढे आपला नंबर उघडा पडतो, आणि आडनावावरून जात-धर्म ताडणारे आपल्याकडे पुष्कळ. अशा ठिकाणी नवसावर किंवा रोज्यावर वाद रंगला असताना ‘आधी तुम्ही कोण ते सांगा’ असे कोणी दरडावले, की मला मनापासून चीड येते. विश्वासाने सांगितलेल्या धर्मांतराचा स्क्रीनशॉट दुसऱ्या गटात टाकणे हा तर सरळसरळ विश्वासघात आहे. त्याची झळ त्या माणसाच्या घरापर्यंत पोहोचू शकते.