तीन पावलं

फाल्गुन शुद्ध द्वादशी, सकाळचे साडेदहा

पायाचा चिखल अजून धुतला नाही. चहा गार झाला. आज तळ्यावरचे पट्टकादंब हंस माझ्यामुळे उठले. शेहेचाळीसपर्यंत मोजून झाले होते, तेवढ्यात सगळा कळप ओरडत हवेत.

चूक कुठं झाली ते नेमकं माहीत आहे, त्रास त्याचाच आहे. पाणी हटून उघड्या पडलेल्या गाळावर हे चरत असतात, तेव्हा एखादा मान ताठ करून उभा असतोच. ती एक मान म्हणजे रोजचा पहारा, तिचं काही मनावर घ्यायचं नाही. तीन-चार माना एकदम वर आल्या की मात्र जागच्या जागी थांबायचं. चरणं बंद पडलं, अंगं वारा येतो त्या दिशेला वळली, नाकातून बारीक ‘आंग, आंग’ सुरू झालं, की हळूच माघार घ्यायची. डोकी झटकायला लागले म्हणजे उशीर झाला, उडणारच. आज चार माना वर आलेल्या मी दुर्बिणीतून स्वच्छ बघितल्या. आणि तरी तीन पावलं टाकली.

कशासाठी, तर गळपट्टीसाठी. मंगोलियात काहींच्या मानेत प्लास्टिकची पट्टी चढवतात. तिचा रंग आणि वरची अक्षरं वाचता आली की पक्षी कुठला ते कळतं. डावीकडच्या एकाच्या मानेत तसं काहीतरी वाटलं. शंभर पावलांवरून आठ पटीच्या दुर्बिणीत अक्षरं लागत नाहीत, त्याला स्कोप लागतो, तिवईवरची मोठी दुर्बीण. स्कोप कुणाकडे पडून आहे ते जाऊ दे. यांच्या मानेवर काळ्याला लागून पांढरा पट्टा उतरतो, मान वळली की तिथंच घडी पडते. पट्टी होती की घडी, आता कळायचं नाही.

तीन पावलांचं काय एवढं? पण दिवस कोणते आहेत ते बघा. नाथषष्ठी नऊ दिवसांवर आली. पैठणला दिंड्या पोचतात त्याच सुमाराला हे निघायच्या तयारीत असतात, आणि निघण्याआधी यांना एकच काम, अंगात चरबी धरायची. पुढे हिमालय आहे. घारीसारखं तरंगत जाणं यांच्यात नाही, सगळी वाट पंख मारत. अंगावर यंत्रं बांधून केलेल्या नोंदींत एक पक्षी 7,290 मीटरवर सापडला होता. आपल्या बाजूनं चढताना 7-8 तासांत 4,000 ते 6,000 मीटर चढतात, तेही वाऱ्याच्या भरवशावर नाही; रात्री आणि पहाटे, हवा गार आणि दाट असते तेव्हा. त्या खर्चासाठी साठवलेलं मी आज सकाळी उगाच उडवलं.

ते गेल्यावर गाळावर खाली बसले. तीन बोटांचे, पडद्यानं जोडलेले पाय उमटलेले, आणि हातभर जागेत अकरा लेंड्या. करंगळीएवढ्या, हिरव्या, टोकाला पांढऱ्या. काडीनं एक मोडली तर आत गवताचे धागे जसेच्या तसे. गवत यांना नीट पचत नाही, म्हणून सारखं खात राहावं लागतं. एवढं खाणं, आणि मी तीन पावलं.

दोन घिरट्या घालून नाथसागराच्या दिशेनं गेले. घिरटीत दहा-दहाचे गट धरून मोजता आले असते, दुर्बीण उचललीच नाही. ताईचा फोन वाजत होता, तोही घेतला नाही. अण्णा असते तर रागावले नसते, नुसतं बघितलं असतं. आपण जवळ गेलो की सगळंच उठून जातं, असं एक रडगाणं मनात सुरू झालं होतं, तेवढ्यात मामांच्या म्हशी आल्या.

बांधाशेजारी पाच-सहा पट्टकादंब मागे राहिले होते, ते मला दिसलेच नव्हते. म्हशी त्यांच्यापासून वीस पावलांवरून खुशाल पाण्यात उतरल्या. एकानंही मान वर केली नाही.

“आमच्या म्हशीला ते काय करत नाहीत ताई,” मामा म्हणाले. “तुम्ही थांबू थांबू बघू राहिल्या ना, म्हणून भेतात.”

बरोबर आहे की. सरळ रेषेत चालायचं, थांबायचं, रोखून बघायचं, पुन्हा दोन पावलं. कोल्हा याहून वेगळं काय करतो? म्हैस आपल्या नादात, खाली मान घालून आडवी जाते. इतकी वर्षं मातकट कपडे काय, श्वास धरणं काय, आणि चालले कोल्ह्यासारखी! हसू आलं.

म्हैस काही होता येणार नाही. पण हे रात्री रानात चरून उजाडता तळ्यावर उतरतात, तर त्याआधीच बसून राहता येईल. पूर्वेच्या बांधावर, बेशरमाच्या झुडपांआड, म्हणजे ऊन पाठीशी राहील. पांढरी ओढणी नको. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून मोजायचं, कारण बसलेल्यांच्या मागे बसलेले लपतात. नऊनंतर गाळावरची हवा थरथरायला लागते, मग अक्षरंच काय, डोक्यावरचे दोन काळे पट्टेही एक दिसतात.

निघताना मामांनी विचारलं, “उद्या येऊ राहिल्या का?”

“येईन. पण बसून राहीन.”

“मंग म्हशी तिकडून घालतो,” म्हणाले, “तुम्हाला भेतील.”