आराम कोण्या हातानं करू?

तिसऱ्या खेपेला आला तेव्हा त्यानं पिशवीतून मनगटाचा पट्टा काढून माझ्या टेबलावर ठेवला. मीच दिलेला. महिनाही झाला नव्हता आणि वेल्क्रोची टोकं पार कुरतडलेली.

"उंदरानं खाल्ला का हो?"

"नाही जी, मीच. दातानं ओढतो नं."

मी पट्टा उलटसुलट करून पाहिला. दातांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. ज्याचा एकच हात चालतो त्याच्या त्याच हाताला मी पट्टा दिला होता, आणि तो बांधायचा कशानं, हे विचारायचं राहून गेलं होतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. रोजचे पेशंट म्हणजे गुडघे, कंबर, लकवा. हा चाळिशीतला गडी, तीन एकर कोरडवाहू, पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि तूर. 2015 साली रात्री मोटारसायकलसमोर रानडुक्कर आडवं आलं आणि तो डाव्या खांद्यावर आदळला. अशा पडण्यात मान एकीकडे ताणली जाते, खांदा दुसरीकडे. मानेतून हाताकडे जाणाऱ्या पाच नसांचं एक जाळं असतं, ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात त्याला. याचं ते मुळासकट उपटलं, चिमट्यानं पऱ्हाटी उपटावी तसं. अशा दुखापतीत ऑपरेशन करायचं असेल तर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत केलेलं बरं. याला कुणीतरी सांगितलं, नस आहे, येईल हळूहळू. तेल-मालिशमध्ये दीड वर्ष गेलं. नागपूरला पोचला तोवर दंडाचे स्नायू सुकून गेले होते. तेव्हापासून डावा पंजा पॅंटच्या खिशात खोचलेला असतो, चालताना झुलू नये म्हणून.

माझ्याकडे मात्र तो उजव्या हातासाठी आला होता. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं रात्री बधिर व्हायची. उठून हात झटकला की थोडं बरं वाटायचं. शिवाय हात बाजूनं वर नेताना खांद्यापाशी अर्ध्या वाटेवर कळ यायची आणि पूर्ण वर गेला की थांबायची. दोन्ही गोष्टी पुस्तकात असतात तशाच. मनगटातल्या बोगद्यात नस दाबली जातेय आणि खांद्याची शीर झिजतेय. साखर तपासून घेतली, ती ठीक निघाली. मग कागदावर लिहिलं: आराम, शेक, रात्री पट्टा, रबरी पट्टीचे व्यायाम दहा-दहाचे तीन.

त्यानं कागदाची घडी मांडीवर ठेवून एका हातानं घातली. "आराम कोण्या हातानं करू जी?"

टोमणा नव्हता तो. तो खरंच विचारत होता. मी "जमेल तेवढा" असं काहीतरी बोलून पुढच्या पेशंटला हाक मारली. गर्दी होती, हे खरं. पण उत्तर नव्हतं, हेही खरं.

कुरतडलेल्या पट्ट्यामागची बाकीची हकीकत मग हळूहळू बाहेर आली. पट्टा लावला की रात्री त्याला एकही हात उरत नव्हता. लघवीला उठलं तर पायजम्याची नाडी सुटेना. दातानं पट्टा काढायचा, नाडी सोडायची, बांधायची, पुन्हा दातानं पट्टा लावायचा. नाहीतर बायकोला उठवायचं. "दिवसभर कापूस वेचून थकते ते. तिले काहून उठवू?" चार रात्रींनंतर त्यानं पट्टा खुंटीला टांगून ठेवला. मधल्या खेपेला मला काही बोलला नाही, मॅडमला वाईट वाटेल म्हणून.

हाडांच्या डॉक्टरांनी मनगटाचं लहानसं ऑपरेशन सुचवलं होतं. लहानसंच असतं ते. पण टाके निघेपर्यंत दहा-बारा दिवस हाताला ओलं लागू द्यायचं नाही, वजन घ्यायचं नाही. "मंग घास कोण भरवन?" इतकंच त्यानं विचारलं आणि तो विषय तिथंच राहिला.

त्याच आठवड्यात त्याच्या गावच्या उपकेंद्रात माझं शिबिर होतं. दुपारी मोकळी झाल्यावर मी त्याच्या शेताकडे वळले. पेशंटच्या शेतात जाऊन उभं राहायचं हे काही माझ्या कामात लिहिलेलं नाही. त्या कुरतडलेल्या पट्ट्याची मनाला टोचणी लागली होती.

तो फवारत होता. 2017 साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं विसावर माणसं गेली, तेव्हापासून फवारणारा दिसला की माझी नजर आधी त्याच्या तोंडाकडे जाते. याचं तोंड उघडं. दुपट्टा गळ्यात नुसता लोंबत होता. एका हातानं मागं गाठ मारता येत नाही, हेही मला तिथंच कळलं. पंप मात्र बॅटरीचा होता. हातपंपाला एक हात दांड्यावर आणि एक नळीवर लागतो. बॅटरीच्या पंपाला एकच हात पुरतो. त्या पंपामुळेच तो स्वतःची फवारणी स्वतः करत होता आणि त्याचा त्याला अभिमान होता.

पंप रिकामा झाला. धुऱ्यावरच्या ड्रममधून त्यानं डब्या-डब्यानं पाणी ओतलं. सोळा लिटर. बॅटरी आणि टाकी धरून वीस किलोच्या वर वजन. मग तो पंपाला पाठ लावून मातीत बसला. उजव्या हातानं डावा हात उचलून एका पट्ट्यातून सारला, लहान पोराला झबलं घालतात तसा. मग उजवा खांदा दुसऱ्या पट्ट्यात घातला. आणि उठण्यासाठी उजवा तळवा जमिनीवर टेकवून सगळा भार त्यावर घेतला. मनगट मागं पार काटकोनात मोडलेलं, कोपर थरथरतंय, खांदा कानापर्यंत चढलेला. एक झटका देऊन तो उभा राहिला. माझ्याकडे बघून हसला.

"दिवसाचे किती पंप?"

"पंधरा. कधी अठरा."

मनगट असं मागं मोडून त्यावर भार दिला की बोगद्यातली नस चेपते. पंधरा वेळा. आणि मी रात्री मनगट सरळ राहावं म्हणून पट्टा देऊन बसले होते, वर खांद्याला रबरी पट्टी ओढायला सांगून ओझ्यात भर घातली होती. मला वाटत होतं, नळी धरून हात दुखत असेल. दुखणं उठण्यात होतं.

विहिरीजवळ सिमेंटचं टाकं होतं, कमरेएवढ्या उंचीचं. कडेवर पंप ठेवायचा, पाठ लावायची, पट्टे चढवायचे आणि नुसतं पुढं चालायचं. बसायचं नाही, टेकायचं नाही. त्याला ते सुचलं नव्हतं असं नाही. धुऱ्यावरून तिथं जायला वेळ मोडतो, म्हणून तो जात नव्हता. शेवटी ड्रमच टाक्याजवळ नेला. पण भरलेला पंप एका हातानं कडेवर चढवणार कसा? कडेवर रिकामा ठेवूनच भरायचा. आणि भरायचा तोही अर्धा. यावर त्यानं बराच वाद घातला. अर्धा पंप म्हणजे दुप्पट चकरा, हा हिशेब त्यानं मला तिथंच करून दाखवला. हिशेब बरोबर होता. त्याच्या बायकोनं पऱ्हाटीच्या ओळीतून डोकं वर काढलं आणि "अर्धाच भरतीन ते" असं सांगून वाद मिटवला.

पट्ट्याचं काम गावातल्या शिंप्यानं केलं. वेल्क्रो काढून रुंद इलास्टिक शिवलं. आता पट्टा दोन्ही गुडघ्यांत धरायचा आणि मोज्यात पाय जावा तसा हात आत सारायचा. पायजम्यालाही इलास्टिक. दुपट्ट्यालाही बायकोनं इलास्टिक लावलं, डोक्यावरून ओढलं की नाक-तोंड झाकलं जातं. फडक्यानं विष पूर्ण अडत नाही, पण उघड्या तोंडापेक्षा बरं. रबरी पट्टीचे व्यायाम मी बंद केले.

अपंगाच्या कार्डावर त्याच्या डाव्या हाताची टक्केवारी आहे. उजव्याचा उल्लेख नाही. डाव्या हातात, ज्याला स्पर्शही कळत नाही, त्याला रात्री विस्तवात धरल्यासारखी आग होते. हे त्यानं पाचव्या खेपेला सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. "तो त मेला, बोंबलू द्या. हा दुखला का मले भेव वाटते." त्या आगीसाठी वेगळी गोळी असते. डॉक्टरांकडे पाठवून ती सुरू केली.

दोन महिन्यांनी बोटं रात्री आठवड्यातून एखाद्‌-दोनदाच बधिर होत होती. खांदा अजून दुखतो, वेचणीच्या दिवसांत जास्तच. परवा आला तेव्हा मी पंपाचं विचारलं.

"अर्धाच भरतो जी."

"खरं?"

तो खिडकीबाहेर बघू लागला. "बायको वावरात असली त अर्धाच."

केसपेपरवर मी लिहिलं: पंप अर्धा. आणि पुढं प्रश्नचिन्ह टाकलं.