६१ डुप्लिकेट

रात्रीचे साडेबारा वाजलेत. झोप येत नाहीये आणि कारण इतकं फालतू आहे की कुणाला सांगायची सोय नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग परत डाउनलोड कर की." बरोबरच आहे. केलंसुद्धा. तरी बसलेय.

झालं असं की पहिल्या महायुद्धात गेलेल्या आमच्या साताऱ्याकडच्या शिपायांची यादी संध्याकाळी एकदाची एका एक्सेल शीटमध्ये आली. आठवडाभर तेच चाललंय. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज म्हणून ब्रिटिश फौजांतल्या मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था आहे, तिच्या साइटवर जायचं, कधी जादा माहितीच्या रकान्यात 'सातारा' टाकायचं, कधी आडनाव, जे निघेल ते डाउनलोड करायचं, की झाली एक फाइल, मग दुसरं स्पेलिंग, दुसरी फाइल. जाधव हे आडनाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिता येतं हे मला पन्नाशीला आल्यावर कळतंय. जादव, जाधाव, जादो, जाधो, मी तर शेवटी जाडूसुद्धा टाकून बघितलं. भरतीच्या वेळी कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं असणार, आणि ज्याचं नाव त्याला ते वाचता येत नव्हतं, मग दुरुस्त कोण करणार. अशा अकरा फायली. सगळ्या एकाखाली एक चिकटवल्या, २१२ ओळी झाल्या.

आता एकच माणूस तीन-तीन सर्चमध्ये येणार हे उघड आहे. म्हणून रिमूव्ह डुप्लिकेट्स. कुठले कॉलम धरू असं ते विचारतं, मी नाव आणि पलटण एवढ्यालाच टिक केलं. तारखांचा घोळ होता म्हणून तारीख सोडली. नंबरचा कॉलम, शिपायाचा तो पलटणीतला नंबर, तो कशाला हवा म्हणून सोडला. ओके. ६१ डुप्लिकेट काढले, १५१ उरले. आणि खरं सांगते, बरं वाटलं. रात्री ओटा पुसून झाल्यावर वाटतं तसं.

सेव्ह केलं, बंद केलं, भाजी टाकली आणि नानांचा फोन आला.

"किती गं घावली?"

"१५१, नाना."

"न्हाई, आपल्यातली."

थोरले बाबा म्हणजे आमच्या घरातले जे त्या युद्धावर गेले ते आलेच नाहीत. त्यांच्या नावाचे तीन आहेत असं मीच परवा नानांना सांगितलं होतं. एक दुसऱ्या पलटणीतला, दोन ११७ मराठा या पलटणीतले. फाइल उघडली तर दोनच. एक ११७ चा, एक दुसऱ्या पलटणीतला. ११७ चा दुसरा गेला होता. नाव तेच, पलटण तीच, म्हणजे डुप्लिकेट. कंट्रोल झेडही चालेना, फाइल बंद केलेली.

तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. अरे, डुप्लिकेट काय? माणूस होता तो. एका पलटणीत एकाच नावाचे दोन जाधव असणं यात नवल ते काय, आमच्या आळीत आजही एका नावाचे तिघं आहेत, त्यांना आपण कधी डुप्लिकेट म्हणत नाही, खालच्या अंगाचा, वरच्या अंगाचा आणि मास्तरांचा असं म्हणतो. शीटला आळी माहीत नाही. मला तर माहीत होती ना.

आणि ते वाक्य. इतके काढले, इतके उरले. हे मी आधी कुठेतरी वाचलंय असं वाटत राहिलं आणि मग आठवलं. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर ४०,००० च्या वर माणसं आहेत म्हणतात, आहेत म्हणजे काय, गोऱ्यांची नावं आहेत, आपल्यातल्या सुभेदार-जमादारांची नावं आहेत, आणि बाकी हिंदी शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा. आणि इतर इतके. नावं भिंतीवर नाहीत. ते स्मारकही आता मूळ जागी नाही, १९९७ ला सद्दामच्या हुकमाने उचलून ३२ किलोमीटरवर नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेऊन मांडलं. गेल्या सोमवारी वाचताना मला इतका संताप आला होता की ह्यांना जेवताना अर्धा तास सुनावलं, जसं काही ह्यांनीच ते बांधलंय. आणि आज मी बसल्या जागी ६१.

परत डाउनलोड केल्यावर नंबर धरून नीट मोजलं, त्या ६१ मधले ५८ खरोखरच दोनदा-तीनदा आलेले होते. तीन माणसं वेगळी निघाली. फक्त तीन. हे मी स्वतःलाच समजावून सांगतेय का? हो. पण तिघांना वाचवलं कुणी तर त्या नंबरने. मी म्हटलं होतं कशाला हवा.

कधीकधी वाटतं कशासाठी करतेय. ऑफिस, घर, आईंची औषधं, आणि वर हे. डोळे फुटायची वेळ आलीय. ग्रुपवर टाकलं तर बंड्याचा एक अंगठा, ताईचं "वा छान", आत्याने पाहिलंसुद्धा नाही. नानांना यादी सर्वपित्रीच्या आधी हवी. अपशिंगे गावात त्या युद्धात गेलेल्या ४६ जणांचा दगड आहे, आपल्याला निदान कागद तरी, हे त्यांचं म्हणणं. प्रिंट काढून देवळात लावणार आहेत. लॅमिनेट करून, पाऊस येतो म्हणून.

पण नानांना खरी हवीय ती तिथी. थोरल्या बाबांचं पान इतकी वर्षं सर्वपित्रीलाच वाढतात, कारण कधी गेले ते कुणालाच माहीत नाही. लढाईत गेले असते तर आदल्या दिवशी, घातचतुर्दशीला करायचं असतं म्हणे. पण गोळीने गेले की तापाने, तेही माहीत नाही. तसा कॉलमच नाही. कुणाचा मुलगा, कुठल्या गावचा, एवढं कुठे कुठे आहे, आमच्या दोघांच्या ओळीत नुसतं "सातारा, बॉम्बे". आता ते बॉम्बे म्हणजे मुंबई इलाखा हे नानांना सांगून सांगून थकले, ते म्हणतात मुंबईला कधी गेलेच न्हवते. थोरल्या आईला, त्यांच्या बायकोला, तर कुठेच जागा नाही. ती कुंकू लावत राहिली ते कुठल्या कॉलममध्ये टाकायचं.

आणि तारखांचा घोळ तो वेगळाच. ऑफिसच्या लॅपटॉपवर तारखा अमेरिकन पद्धतीने आहेत, महिना आधी. त्यामुळे निम्म्या तारखा कॉलमच्या डावीकडे चिकटल्या आणि निम्म्या उजवीकडे. डावीकडच्या शीटला तारीख म्हणून कळल्याच नाहीत, कारण २३ वा महिना नसतो. उजवीकडच्या कळल्या, पण उलट्या. ११७ च्या एका जाधवांची ५ एप्रिल १९१६ होती तिचं मुकाट्याने ४ मे झालं. आता इराकमधल्या कुतला, जिथे ११७ अडकली होती, तुर्कांचा वेढा ७ डिसेंबर १९१५ पासूनचा, आणि इंग्रजी फौजेची शरणागती २९ एप्रिल १९१६ ची. ५ एप्रिल म्हणजे वेढ्यात, घोडे कापून खायची वेळ आली होती तेव्हा. ४ मे म्हणजे कैदेत. जवळजवळ १३,००० माणसं तिथे तुर्कांच्या हाती लागली, त्यातला एक. माणूस तोच, दिवस महिना इकडचे तिकडे आणि मरण दुसरंच. नानांनी त्यावरून पंचांग काढून तिथी लावली असती, भटजींनाही विचारलं असतं, आणि इथून पुढे सगळी पिढी चुकीच्या दिवशी कावळ्याची वाट बघत बसली असती.

हे लिहिताना मला एकटीला हसू आलं. रात्रीचा एक वाजलाय आणि मी शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाची तारीख डावीकडे आहे की उजवीकडे ते बघतेय. ते बसऱ्याला बोटीने गेले, मी त्यांना कॉपी-पेस्ट करताना हरवलं. तसे ते आधीच हरवलेले होते. माझं पाप फार तर दोन तासांचं, साडेसहा ते साडेआठ.

११७ मधल्या दुसऱ्या जाधवांची तारीख २३ ऑगस्ट. तो नक्की कैदेतला. आमचा कुठला, हे या ओळींवरून कळणार नाही, आणि पुढे कळेल असंही मला आता वाटत नाही. दोन्ही पिवळ्या केल्या. तिसरा, दुसऱ्या पलटणीतला, त्याला फिकट पिवळा, कारण घरात सगळे ११७ च म्हणतात.

साडेआठला नानांना परत फोन करून कबूल केलं. म्हटलं, नाना, चुकून एक उडाला होता माझ्याकडून, आणला परत, पण दोघांतला आपला कुठला ते सांगता येत नाही. मला वाटलं ओरडतील. ते जरा वेळ गप्प. मागे टीव्ही चालू होता.

"दोघं बी ठेव. ह्या साली येक पान जादा वाढू."

"आणि तिसरा?"

"त्यो दुसऱ्या पलटनीचा न्हवं का? त्याच्या घरचं वाढत्याल की त्याला." मग परत थांबून, "का न्हाई वाढत त्ये?"

मला काय माहीत. मी म्हटलं बघते.

आत्ता झोपायच्या आधी शेवटचं उघडलं तर तारखांच्या जागी सगळीकडे नुसती जाळी दिसतेय. कॉलम रुंद करायचा राहिलाय. उद्या.