मॅडम, परत कधी जाणार?

विचारणारे बहुधा माझेच माजी विद्यार्थी असतात. संस्थांमध्ये राबणारे, रजा काढून मेळाव्याला आलेले. निघता निघता कुणीतरी विचारतंच: "मॅडम, इतकी वर्षं तुम्ही समाजकार्याच्या वर्गात युवक आणि समुदाय हे विषय शिकवताय, मग स्वतः वस्तीत कामाला परत का नाही गेलात?" हसत विचारतात, म्हणून मीही हसून वेळ मारून नेते. यंदा तिघांनी विचारलं. तेव्हा आता एकदाच काय ते सांगते.

एरवी मी इतिहास पुढे करते. देशातलं समाजकार्याचं पहिलं विद्यालय १९३६ साली मुंबईत निघालं, ज्याला आज आपण टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणतो. त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट त्याआधी नागपाड्याच्या नेबरहूड हाऊसमध्ये वस्तीकाम करत होते. म्हणजे आपला वर्गच मुळात वस्तीतून आलाय, मी काही पळून आलेली नाही. युक्तिवाद बरा आहे. फक्त मॅनशार्टही वस्तीतून वर्गातच आले, ही गोष्ट माझ्या बाजूची की माझ्या विरुद्धची, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

पैशांसाठी वस्ती सोडून शिकवायला गेलात का, असंही आडून विचारलं जातं. हो, पैशांसाठीसुद्धा. प्रकल्पाचा निधी आटत चालला होता, दर अकरा महिन्यांनी नवा करार, आणि मला ठरलेल्या तारखेला पगार हवा होता. यात लाज कसली, असं मी स्वतःला सांगते. अजून सांगावं लागतं, हे मात्र खरं. (पुढे विद्यापीठातही पहिली चार वर्षं तासिका तत्त्वावर गेली, तेव्हा ठरलेली तारीख वगैरे राहिलंच.) निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांना म्हणाले होते, "दहा वर्षं शिकवते आणि परत येते." एकोणतीस वर्षांची होते. त्या मुलीचा मला आता राग येतो. ज्यांच्या गटाला सोडून चालली होती, त्यांना हे सांगायला ती गेलीच नव्हती.

पण खरं उत्तर एका वहीत आहे.

दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी, हुशार. गुरुवार-शुक्रवार फील्डवर्क, एका वस्तीतल्या मुलांचा गट बांधलेला, त्यातून समाजमंदिरात संध्याकाळची अभ्यासिका उभी राहिलेली. त्याचं रेकॉर्डिंग, म्हणजे फील्डवर्कची लेखी नोंद, मी वर्गात वाचून दाखवायची. शेवटचा भाग टर्मिनेशनचा. कार्यकर्ता गटातून हळूहळू बाजूला होतो, जबाबदाऱ्या सभासदांकडे जातात, गटाला निरोपाची तयारी करायला वेळ दिला जातो. सगळं त्याने पायरीपायरीने लिहिलं होतं. शेवटचं वाक्य होतं, "गट आता स्वयंपूर्ण झाला आहे." मी त्याखाली लाल पेनाने 'उत्तम' लिहिलं आणि शंभरपैकी अठ्ठ्याहत्तर दिले.

मे महिन्यात मी नॅकच्या, म्हणजे विद्यापीठाच्या मूल्यांकनाच्या, फायलींमध्ये बुडाले असताना एक मुलगा विभागाच्या दारात येऊन उभा राहिला. चौदा वर्षांचा असेल. हातात पुठ्ठ्याची वही, आखून रकाने पाडलेली. म्हणाला, सरांना भेटायचंय. सरांची परीक्षा झाली, ते गावी गेले, मी सांगितलं. मग त्याने वही टेबलावर ठेवली. अभ्यासिकेची हजेरी तोच लिहायचा. मार्चपर्यंत पाना-पानावर नावं, सह्या, 'सर: हजर'. पुढेही प्रत्येक गुरुवार-शुक्रवारची तारीख होती. नावं कमी कमी होत गेलेली, आणि दर ओळीच्या शेवटी त्याच वळणदार अक्षरात 'सर: गैरहजर'. अकरा वेळा. शेवटच्या दोन ओळींत नाव एकच होतं, त्याचं स्वतःचं.

"आता कोण येणार?" त्याने विचारलं.

"जुलैत नवी बॅच येईल," मी म्हणाले. माझ्या तोंडात हे वाक्य तयारच असतं.

तो जरा थांबला. "म्हणजे तुमची शाळा सुटली."

टोमणा नव्हता हो. त्याला फक्त नीट समजून घ्यायचं होतं.

तो गेल्यावर मी रेकॉर्डिंग काढून पाहिलं. सभासदांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवक म्हणजे १५ ते २९, आणि मी वर्गात बजावलं होतं की व्याख्या पाळा. (त्याआधीच्या, २००३ च्या धोरणात ही मर्यादा १३ पासून होती, त्या हिशेबाने तो बसला असता.) म्हणून ज्याने गट सगळ्यात शेवटपर्यंत चालवला, तो आमच्या कागदावर 'इतर' होता.

विद्यार्थ्यावर चिडावं असं वाटलं, पण कशाच्या जोरावर? मार्चमध्ये प्लेसमेंट, म्हणजे विद्यार्थ्याची वस्तीतली नेमणूक, संपते हे वेळापत्रक आमचं. निरोपाची तयारी गटाबरोबर खरोखर झाली का, हे वस्तीत जाऊन पाहायचं काम माझं. आणि तसं पाहिलं तर सहा वर्षांच्या कामानंतर मी स्वतःच्या गटातून बाहेर पडले, तेव्हा मीही अहवालात हेच वाक्य लिहिलं होतं. शब्दही तोच, स्वयंपूर्ण.

तेव्हा 'परत का नाही गेलात' याचं उत्तर असं, की परत जाणारीला परत निघावंही लागतं आणि ते मला जमत नाही, हे मला कळलंय. ही सबब आहे असं तुम्ही म्हणाल. असेलही. माझी एक सहकारी तोंडावर म्हणाली, "अपराधीपणा हा तुझा वर्गात बसून राहण्याचा परवाना झालाय." दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

काहीच केलं नाही, असंही नाही. आता दोन्ही वर्षांचे विद्यार्थी एकाच वस्तीत देतो, म्हणजे एक जाताना दुसरा तिथे असतो. निघण्याची तारीख गटाच्या वहीत जानेवारीतच लिहायला लावते. विभागाच्या बैठकीत मे महिन्यातही फील्डवर्क ठेवा म्हटलं, तर निकाल, सुट्ट्या, मानधन, सगळं निघालं आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. गेली दोन वर्षं तो पुढच्याच बैठकीवर आहे.

त्या वस्तीत मी जूनमध्ये एकदा गेले होते. समाजमंदिराला कुलूप होतं. कुणाला विचारलं नाही, तशीच परत फिरले. यंदाच्या प्लेसमेंटच्या यादीत त्या वस्तीचं नाव घातलं, खोडलं, परत घातलं. यादी अजून नोटीस बोर्डावर लावलेली नाही.