न्यूट्रल नसलेले बोर्ड: आतापर्यंत झालेलं काम

डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये स्विचबोर्डात स्मार्ट मोड्यूल (वायरलेसने दिवे चालू-बंद करणारी छोटी उपकरणं) बसवतो आहे. ती सतत जागी राहायला एरवी न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, लागते. फ्लॅटचं वायरिंग जुनं, केसिंग-पट्टीतलं. "जुन्या घरात बोर्डात न्यूट्रल नसतो, सरळ नो-न्यूट्रल स्विच घे," असंच जो तो सांगत होता. बोर्ड उघडल्यावर वेगळंच दिसलं. ज्या बोर्डावर प्लग पॉइंट आहे तिथे न्यूट्रल असतोच, नाहीतर सॉकेट चालणार कसं? हॉल, किचन, बेडरूमचे मोठे बोर्ड तिथेच सुटले. उरले पॅसेजचा एकटा स्विच, बाथरूमबाहेरचा एक आणि पलंगाजवळचा टू-वे (एकच दिवा दोन जागांवरून चालवणारा स्विच). नो-न्यूट्रल मोड्यूल फक्त यांच्यासाठी.

सरसकट नो-न्यूट्रल घेऊ नका असं मी म्हणतो, त्याला आणखी एक कारण आहे. न्यूट्रलवर चालणारी बहुतेक झिगबी (स्मार्ट उपकरणांना जोडणारं वायरलेस नेटवर्क) मोड्यूल राउटरचं काम करतात, सिग्नल पुढे पोचवतात. नो-न्यूट्रलवाल्यांना तेवढी वीज मिळत नाही. सोनॉफ कंपनीचं नो-न्यूट्रल मोड्यूल झेडबीमिनी-एल2 घ्या: 6 अँपिअरपर्यंत चालतं, पण राउटर होत नाही. म्हणून मोठ्या बोर्डांत न्यूट्रलवाली मोड्यूल आधी बसवली आणि मग पॅसेजला हात घातला.

बोर्डात काळी वायर दिसली म्हणजे न्यूट्रल मिळाला, असं समजू नका. जुन्या कामात स्विचमधून दिव्याकडे जाणारी वायरही काळी सापडते. टेस्टर तिथे उपयोगाचा नाही. आधी दिव्याच्या होल्डरमधला बल्ब काढायचा, मग टेस्ट लॅम्पचं (दोन सुट्या वायरी जोडलेल्या बल्बचं) एक टोक फेजला, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीला, आणि दुसरं काळ्या वायरीला लावायचं. लॅम्प पूर्ण पेटला तर न्यूट्रल खरा. बल्ब तसाच ठेवला तर त्याच्यातून वाट मिळते आणि मल्टिमीटर 230 च्या जवळपासही आकडा दाखवू शकतो.

आता खरी गंमत, पॅसेजचा 5 वॅटचा एलईडी. स्विच बंद असतानाही तो थोड्या थोड्या वेळाने लुकलुकायचा. बिघाड कशातच नव्हता. नो-न्यूट्रल मोड्यूल दिव्याशी सिरीजमध्ये बसतं. दिवा बंद असताना स्वतः जागं राहण्यासाठी लागणारा थोडासा करंट ते दिव्यातूनच ओढतं. जुन्या पिवळ्या बल्बला त्याचा पत्ताही लागत नसे. एलईडीच्या ड्रायव्हरमधला कपॅसिटर मात्र त्या करंटवर हळूहळू भरतो, पुरेसा भरला की ड्रायव्हर जागा होतो, बल्ब क्षणभर चमकतो, कपॅसिटर रिकामा होतो आणि चक्र पुन्हा सुरू.

उपाय म्हणजे बायपास. दिव्याला समांतर 0.1 मायक्रोफॅरडचा, 275 व्होल्ट एसीचा कपॅसिटर लावला. तो एक्स2 जातीचाच (थेट मेन्सवर लावण्यासाठी बनवलेला) हवा, साधा कपॅसिटर मेन्सवर लावू नका. 50 हर्ट्झला त्याचा अडथळा साधारण 32 किलोओहम, म्हणजे 230 व्होल्टवर जेमतेम 7 मिलिअँपिअर वाहतात. मोड्यूलला वाट मिळते आणि बल्ब शांत राहतो. हा कपॅसिटर बोर्डात बसत नाही, कारण तिथे न्यूट्रलच नाही. तो वर सीलिंग रोजमध्ये (दिव्याच्या वायरी जोडायच्या छतावरच्या डबीत) जातो. दोन्ही पायांवर स्लीव्ह चढवून स्क्रूखाली घट्ट आवळला. लुकलुक पूर्ण थांबली. बाथरूमच्या 12 वॅटच्या बल्बला मात्र बायपास लागलाच नाही.

एका वायरमनने सुचवलं, "न्यूट्रल नाही ना, मग अर्थिंगवर चालवू." हे कदापि करू नका. ती अर्थिंगची वायर पुढे कुठे तुटली, तर मोड्यूलमधून आलेला फेज तिच्यावरच साचतो, आणि फ्रिज-गीझरची बॉडी तिलाच जोडलेली असते. शेजारच्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेणंही तितकंच वाईट. त्या सर्किटचा एमसीबी पाडून कोणी काम करायला बसला, तरी न्यूट्रलमधून आपल्या दिव्याचा करंट वाहतच असतो.

पंख्याला यातलं काहीच लावलेलं नाही. त्याच्या बोर्डात न्यूट्रल आहे, त्याला रेग्युलेटरचं वेगळं मोड्यूल येईल.

राहिला पलंगाजवळचा टू-वे. तिथे पट्टीत एका वायरीपुरती जागा दिसते आहे, त्यामुळे दिव्यापासून न्यूट्रलच खाली ओढता येतो का ते आधी बघणार. वायर उतरली तर तिथेही न्यूट्रलवालं मोड्यूल बसेल आणि बेडरूमच्या त्या कोपऱ्याला एक राउटर मिळेल. तुमच्यापैकी कोणी जुन्या पट्टीतून अशी जादा वायर ओढली असेल, तर कोपऱ्यावरची पट्टी न फोडता ती कशी वळवली ते जरूर सांगा.