थर्मल दुर्बीण घेताना १२० ला भागायचं

सांवेर, देपालपूर, हातोद साइडच्या बऱ्याच ओळखीच्यांनी हल्ली विचारलं की रात्री शेतात जनावर दिसावं म्हणून थर्मल घ्यायचंय, कुठलं घेऊ. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा नीट लिहूनच ठेवावं. मी राहतो इंदूरलाच, रात्रीचे पक्षी-प्राणी बघायचा नाद आहे, घुबडं, रातवे, ससे, साळिंदर वगैरे, त्यामुळे थर्मलमधून बघणं माझं बरंच झालंय आणि या विषयावर मी तासभर सहज बोलू शकतो.

आता सगळ्यात आधी एक गोष्ट. विचारणारा प्रत्येक जण सुरुवात करतो ती रायफलवर लावायच्या स्कोपपासून. माझा मामेभाऊ पण तसाच, दादाने मला सरळ युट्यूबचे व्हिडिओच पाठवले. त्याचं कारण असं की नेटवरचे जवळपास सगळे रिव्ह्यू अमेरिकेतले असतात, टेक्ससमध्ये रानडुकरांनी शेतीचं एवढं वाटोळं केलंय की तिथे खाजगी जमिनीवर ती रात्रीसुद्धा मारायला मुभा आहे, आणि तो सगळा बाजार त्या शिकारीवर उभा आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, पीक खाणाऱ्या जनावराबद्दलसुद्धा जे काही करायचं ते वनविभागाच्या लेखी परवानगीनेच. इंदूरजवळच्या रालामंडळच्या टेकडीवर होळकरांचं शिकारगृह अजून उभं आहे, पण ती टेकडी १९८९ पासून अभयारण्य आहे, काळ बदलला. त्यामुळे रेटिकल (नेमाची खूण), झिरोइंग (नेम जुळवणं), रिकॉइल म्हणजे बंदुकीचा धक्का सोसायची ताकद, या सगळ्याचे जे पैसे स्कोपमध्ये लागतात ते आपल्या काहीच कामाचे नाहीत. आपल्याला हवी ती हातात धरायची, एका डोळ्याने बघायची थर्मल दुर्बीण, मोनोक्युलर म्हणतात ती.

आणि कायदा सोडा, दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. स्कोप बंदुकीवर लावला की ज्याच्याकडे बघायचं त्याच्याकडे नळी रोखावीच लागते. आपल्या शेतात रात्री कोण असतं? रब्बीत लाइट रात्रीची असली की माणसं पाणी द्यायला शेतातच असतात, बांधावर कांबळं पांघरून बसलेली, पाट फोडायला वाकलेली. तिकडचे अनुभवी शिकारी पण हेच करतात, आधी हातातल्या दुर्बिणीने सगळा परिसर शोधायचा आणि स्कोपला डोळा लावायचा तो समोर काय आहे ते पक्कं कळल्यावरच. दादाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, अरे पण थर्मलमध्ये माणूस काय आणि जनावर काय, लगेच कळतं की. नाही कळत. तिथूनच आमचं खरं बोलणं सुरू झालं आणि तेच मला इथे सांगायचंय.

थर्मल उजेड बघत नाही, उष्णता बघतं. प्रत्येक वस्तू इन्फ्रारेड सोडत असते, त्यातला साधारण ८ ते १४ मायक्रॉनचा पट्टा हे सेन्सर पकडतात. आत छोट्या छोट्या ठिपक्यांची जाळी असते, प्रत्येक ठिपका म्हणजे एक पिक्सेल, तो किंचित तापला की त्याचा विद्युत रोध बदलतो आणि त्यावरून चित्र बनतं. लेन्स काचेची चालत नाही कारण या पट्ट्याला काच म्हणजे भिंतच, म्हणून जर्मेनियम नावाच्या धातूसारख्या पदार्थाची लेन्स लावतात आणि किमतीचा बराच भाग तिथेच जातो. (म्हणूनच बोलेरोत बसून काच वर करून बघू म्हणणाऱ्यांना सांगतो, काहीही दिसणार नाही, काच खालीच करावी लागेल, थंडी वाजली तरी.)

तर पिक्सेल. हल्लीच्या बहुतेक दुर्बिणींमध्ये एक पिक्सेल १२ मायक्रॉनचा असतो. यावरून एक सोपं गणित निघतं जे दुकानदार कधी सांगत नाही: १२० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने, म्हणजे तिच्यावर लिहिलेल्या मिलिमीटरने भागा, जे उत्तर येईल तेवढे सेंटिमीटर शंभर मीटरवर एका पिक्सेलमध्ये मावतात. १९ ची लेन्स असेल तर ६.३ सेंटिमीटर, २५ ची असेल तर ४.८, ३५ ची तर ३.४. अंतर चौपट झालं की हा आकडाही चौपट. जुनं १७ मायक्रॉनचं मॉडेल कोणी स्वस्तात देत असेल तर १२० च्या जागी १७० धरा, लगेच कळेल स्वस्त का आहे ते.

आता हे आपल्या शेतावर लावून बघा. ४०० मीटरवर नाल्याच्या कडेला काहीतरी आहे. १९ च्या लेन्समधून एक पिक्सेल २५ सेंटिमीटरचा झाला. कांबळं पांघरून उकिडवा बसलेला माणूस ८०-९० सेंटिमीटर उंच भरतो, मोठं रानडुक्कर पण साधारण तेवढंच. म्हणजे दोघंही तीन-साडेतीन पिक्सेलचा एक पांढरा ठिपका. त्यात कांबळ्याने अंगाची उष्णता झाकली जाते, उघडा राहतो फक्त चेहरा, म्हणजे माणूस अजूनच लहान दिसणार. मग कसं ओळखणार सांगा.

यावर जुना अभ्यास आहे. अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये निकष मांडले, ते आजही सगळे वापरतात. काहीतरी आहे एवढं कळायला दोन पिक्सेल पुरतात, कुठल्या प्रकारचं आहे ते कळायला आठेक लागतात, आणि नेमकं काय ते सांगायला बाराच्या वर. आणि तेही पन्नास टक्के खात्रीने, शंभर नाही. बॉक्सवर जे १८०० मीटर वगैरे छापलेलं असतं ना, ते पहिल्या पायरीचं अंतर असतं. ३५ च्या लेन्सला १८०० मीटरवर एक पिक्सेल होतो ६० सेंटिमीटरच्या वर, म्हणजे उभा माणूस तीन पिक्सेल. कंपनी खोटं बोलत नाही, पण तो आकडा आपल्या काही उपयोगाचा नाही. आपल्याला विचारायचंय की बसलेला माणूस आठ पिक्सेलचा कुठपर्यंत दिसेल, तर ३५ च्या लेन्समधून साधारण ३०० मीटरपर्यंत, १९ मधून १७० पर्यंत. रोजड्याचा, म्हणजे नीलगायीचा, मोठा नर खांद्याला १३० सेंटिमीटर भरतो, तो ३५ मधून साडेचारशे मीटरच्या थोडा पुढेपर्यंत ओळखू येतो, शिवाय त्याची उतरती पाठ आणि लांब मान यामुळे तो लवकर ध्यानात येतो.

आता सेन्सर ३८४ चा घ्यावा की ६४० चा (म्हणजे आडव्या ओळीत तेवढे पिक्सेल), हा प्रश्न सगळ्यांना छळतो. ऐका, दोन्हीत पिक्सेल १२ मायक्रॉनचा आणि लेन्स ३५ ची असेल तर लांबच्या जनावरावर पिक्सेल दोन्हीत सारखेच पडतात, बारकावा तोच. फरक पडतो तो रुंदीत, शंभर मीटरवर ३८४ मधून १३ मीटरची पट्टी दिसते आणि ६४० मधून २२ मीटरची. जवळच्या जंगलात पळतं जनावर धरायचं असेल तर ती रुंदी सोन्यासारखी आहे, पण मोकळ्या शेतात बांधावर उभं राहून हळूहळू नजर फिरवायची असेल तर ३८४ भरपूर झालं. दादाला मी तेच घ्यायला लावलं, ३८४ आणि ३५ ची लेन्स. ५० ची लेन्स पण बघितली होती, लांबचं छान दिसतं पण पट्टी एवढी अरुंद होते की गोठ्यामागे भुंकणारं कुत्रं शोधायलाच वेळ लागतो. २५६ वाली स्वस्त असतात, परसात किंवा फळबागेत, शंभर-दीडशे मीटरपर्यंत, चालतील, वाईट नाहीत, पण मोठ्या मोकळ्या शेतासाठी मी नाही सांगणार. आणि डिजिटल झूमला भुलू नका, त्याने ठिपका मोठा होतो, माहिती वाढत नाही.

आणखी एक गोष्ट जी नव्या माणसाला माहीत नसते, थर्मलमध्ये अंतराचा अंदाज येत नाही. काळ्या पडद्यावर एक पांढरा आकार, पुढेमागे काही खूण नाही. ८० मीटरवरचा ससा आणि अडीचशे मीटरवरचं डुक्कर पडद्यावर एकाच मापाचे दिसतात! म्हणून लेझर रेंजफाइंडर असलेलं मॉडेल परवडत असेल तर तिथे पैसे घालावे, ६४० पेक्षा आधी तिथे. परवडत नसेल तर दिवसा शेतात फिरून खुणा पक्क्या करायच्या, बोअर किती मीटरवर, बाभूळ किती, विजेचा डीपी किती, मोबाइलच्या नकाशावर मोजता येतं सगळं.

थंडीतल्या एका रात्री आम्ही दोघं शेतावर होतो तेव्हाचं थोडं सांगतो कारण हे वाचून कळत नाही, बघायलाच हवं. हरभऱ्याचं अख्खं शेत करडं काळं, आणि त्यातून एक पांढरी रेघ वाकडीतिकडी चालली होती, मला आधी कळेना काय आहे ते. दादा म्हणाला, अरे पाट आहे तो. बोअरचं पाणी थंडीत कोमट असतं ना, ते गार मातीतून चांदीच्या तारेसारखं चमकत होतं आणि पुढे जाता जाता गार होऊन विझत होतं. गोठ्याबाहेर गाय उठली तर ती जिथे बसली होती तिथे तिच्या आकाराचा उजळ डाग तसाच राहिला, बराच वेळ. मोटारीचं खोकं पांढरं, डीपी पांढरा. आणि नाल्याकडून रोजडे आले ते आधी फक्त कान आणि डोकी, कारण पीक आणि झुडपं मध्ये होती. हेही लक्षात ठेवा की थर्मल पानातून आरपार बघत नाही, उभ्या गव्हात घुसलेलं डुक्कर फटींमधून तुकड्या-तुकड्यानेच दिसतं.

हवामानाचं सांगतो, कारण रिव्ह्यू सगळे बाहेरच्या देशातले. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, उगीच नाही म्हणत, आपल्याकडे रात्र झटकन गार होते आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी थर्मलला याहून चांगली हवा नाही. पण मे महिन्यात काळी माती आणि दगड दिवसभर तापलेले असतात, रात्री दहालाही सगळं पांढरंच दिसतं, तेव्हा मध्यरात्रीनंतरच बघण्यात अर्थ. पावसाळ्यात सोयाबीन ओलं, माती ओली, सगळं एकाच तापमानाचं, चित्र चपटं होऊन जातं. तिथे तो एनईटीडी नावाचा आकडा कामाला येतो, मिलिकेल्विनमध्ये लिहितात, जेवढा लहान तेवढा सेन्सर बारीक फरक पकडतो, २५ च्या आत असेल तर उत्तम, ४० असेल तर थंडीत चालेल पण पावसात त्रास होईल. लेन्सचा एफ नंबरही बघा, १.० ची लेन्स १.३ पेक्षा दीडपटीहून जास्त उष्णता आत घेते, हे कोणी बोलत नाही पण चित्रात ठळक दिसतं.

बॅटरी बदलता येणारी हवी, आतच बसवलेली असेल तर पहाटे तीनला ती संपली की तुम्ही आंधळे. रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो, ५० हर्ट्झ घ्या, ९ हर्ट्झवालं मिळतं पण पळतं जनावर त्यात उड्या मारत दिसतं. पडद्याचा ब्राइटनेस अगदी कमी ठेवा, नाहीतर डोळा काढल्यावर समोरचा बांधसुद्धा दिसत नाही आणि विहिरीजवळ हे धोक्याचं आहे, खरंच सांगतो. अधूनमधून आत टिक असा आवाज होऊन चित्र क्षणभर थांबतं, ते शटर आहे, सेन्सर स्वतःला जुळवून घेतो, बिघाड नाही.

मग दिसल्यावर करायचं काय, तर कळप नाल्यावरून चढायच्या आधीच दिसतो, कुठल्या बाजूने येतोय ते कळतं, दोन माणसं टॉर्च आणि डबे घेऊन बरोबर त्याच बाजूला जातात आणि तो आल्या वाटेने परत जातो. आधी दादाची माणसं अंधारात ओरडत चहूकडे धावायची आणि घाबरलेला कळप पीक तुडवतच पळायचा, खाण्यापेक्षा तुडवण्याचं नुकसान जास्त. कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं झटका मशीन त्याने काढलेलं नाही, तेही राहू दे, फक्त तार कुठे ओलांडतात ते आता त्याला माहीत आहे आणि तिथेच त्याने ती वाढवली. २०२५ मध्ये शाजापूरकडे हेलिकॉप्टरने काळवीट आणि रोजडे हाकून पकडले आणि दुसरीकडे नेऊन सोडले, ते सरकारच्या पातळीवरचं काम झालं, ते सगळीकडे पोहोचेपर्यंत आपली राखण आपल्यालाच करायची आहे.

घ्यायच्या आधी विकणाऱ्याला सांगा की रात्री शेतावर आणून दाखव, दुकानातल्या एसीत सगळंच छान दिसतं. शेतावर घरच्याच एका माणसाला कांबळं पांघरून दोनशे मीटरवर बसवा, मग तीनशेवर, आणि तो कुठे आहे हे माहीत नसलेल्याला दुर्बीण देऊन विचारा काय दिसतंय. ज्या अंतरावर तो अडखळेल तेच तुमच्या दुर्बिणीचं खरं अंतर. आणि दिवसा झाकण लावूनच ठेवा, सूर्याकडे तोंड झालं तर सेन्सर कायमचा भाजू शकतो.